वेशीचा राखणदार : फ्रांको बारेसी

फुटबॉलच्या खेळांत गोल करणाराचें नांव सर्वतोमुखीं होतें. गोल होऊं न देणाराचें नांव बहुधा संघाच्या यादींतच राहून जातें. याचें कारण उघड आहे. घडलेल्या गोष्टीचें वर्णन करतां येतें. जी गोष्ट घडूं दिली गेली नाहीं तिचें वर्णन कोणी व कसें करावें? किल्ला सर करणारावर पोवाडे होतात. परंतु ज्याच्या जागरूकपणामुळें शत्रूनें त्या वाटेला जाण्याचेंच टाळलें, त्या किल्लेदाराच्या वांट्याला फार तर बखरींतील एखादी ओळ येते. इटली देशांतील फुटबॉलचा इतिहास या सामान्य नियमाला थोडासा अपवाद आहे. तेथें बचाव ही एक स्वतंत्र विद्या मानली गेली, आणि त्या विद्येंत निपुण झालेल्या खेळाडूंचीं नांवें गोल करणारांच्या बरोबरीनें घेतलीं जातात. अशा नांवांत फ्रांको बारेसी याचें नांव फार वरचें आहे. त्याच्या वीस वर्षांच्या खेळाकडे पाहिलें असतां ही विद्या म्हणजे काय, ती कशी बदलत गेली, आणि तिच्या बुडाशीं माणसाचा स्वभाव किती असतो, या तिन्ही गोष्टींचा उलगडा होतो.

बारेसीचा जन्म ८ मे १९६० रोजीं उत्तर इटलींतील लोंबार्दी प्रांतांत, ब्रेशिया शहराजवळच्या त्रावाल्यातो या गांवीं झाला. कुटुंब शेतीवर कष्ट करणारें होतें. इटलींतील खेडोपाडीं चर्चच्या आवारांत मुलांना खेळावयास जागा असते. तिला तेथें 'ओरातोरियो' म्हणतात. फ्रांको आणि त्याच्याहून दोन वर्षांनीं वडील असलेला भाऊ ज्युसेप्पे यांनीं फुटबॉलचे पहिले धडे आपल्या गांवच्या ओरातोरियोच्या संघांतच घेतले.

या भागांतील मुलाला फुटबॉलमध्यें नांव काढावयाचें म्हणजे मिलान शहराकडे पाहावें लागे. त्या शहरांत दोन मोठे क्लब. पैकीं मिलान हा क्लब तेथें राहणाऱ्या कांहीं इंग्रजांच्या पुढाकारानें १८९९ मध्यें निघाला. पुढें १९०८ मध्यें कांहीं सभासद मतभेद होऊन फुटून निघाले, आणि त्यांनीं इंटरनात्सियोनाले, म्हणजेच इंटर, हा क्लब काढला. तेव्हांपासून एका शहराचे दोन तट पडले ते कायमचे. ज्युसेप्पेला इंटरनें घेतलें. त्याच्या मागोमाग फ्रांकोहि तेथें परीक्षेला गेला. पण मुलगा अंगानें फारच लहान, असें म्हणून त्याला परत पाठविण्यांत आलें. मग त्यानें समोरच्या क्लबाचें दार ठोठावलें, आणि १९७४ मध्यें, वयाच्या चौदाव्या वर्षीं, मिलाननें त्याला आपल्या मुलांच्या संघांत घेतलें. ऐन कुमारवयांत आई गेली. तिच्यामागून थोड्याच वर्षांत वडीलहि गेले. क्लबाचें शिक्षणकेंद्र मिलानेल्लो हेंच त्याचें घर झालें. तेथें त्याला 'पिशिनिन' म्हणत. मिलानच्या बोलींत या शब्दाचा अर्थ 'चिमुकला' असा आहे. पुढें तो संघाचा कर्णधार झाला, तरी हें नांव त्याला चिकटून राहिलें.

२३ एप्रिल १९७८ रोजीं व्हेरोना येथें बारेसी पहिल्या श्रेणीचा आपला पहिला सामना खेळला. त्या वेळीं त्याला अठरावें वर्षहि पुरें झालें नव्हतें. संघाचा शिक्षक निल्स लीडहोल्म हा मूळचा स्वीडनचा. स्वतः एके काळचा मिलानचा नामांकित खेळाडू. त्यानें या पोराला पुढल्या हंगामांत बचावाची सर्वांत जबाबदारीची जागा दिली. ती जागा कोणती हें समजण्यासाठीं इटलींतील जुनी पद्धति थोडी समजून घेतली पाहिजे.

त्या पद्धतीला 'कातेनाच्चो' असें नांव पडलें होतें. कातेनाच्चो म्हणजे दाराचा अडसर. प्रतिपक्षाच्या प्रत्येक आघाडीच्या गड्यामागें आपला एकेक गडी सावलीसारखा लावून द्यावयाचा, आणि या सर्वांच्या पाठीमागें एक गडी मोकळा ठेवावयाचा. या मोकळ्या गड्याला 'लिबेरो' म्हणतात. शब्दाचा अर्थहि 'मोकळा' असाच आहे. पुढच्यांच्या हातून सुटलेला चेंडू अडवावा, मागून सर्व मैदान दिसत असल्यामुळें इतरांना सावध करावें, आणि संधि मिळतांच चेंडू घेऊन स्वतः पुढें जावें, अशीं त्याचीं कामें. या जागेला शरीराच्या आडदांडपणापेक्षां दृष्टीची गरज अधिक. पांच फूट नऊ इंचांच्या बारेसीपाशीं ती भरपूर होती. चेंडू कोठें आहे यापेक्षां तो कोठें जाणार आहे हें त्याला एक क्षण आधीं कळत असे. आणि बचावांत एक क्षण म्हणजे पुष्कळच झाला. १९७८-७९ च्या त्या हंगामांत मिलाननें इटलीचें दहावें अजिंक्यपद मिळविलें. दहा अजिंक्यपदें झालीं म्हणजे सदऱ्यावर सोन्याचा तारा लावण्याचा मान तेथें मिळतो. क्लबाचा मोठा खेळाडू ज्यान्नी रिव्हेरा त्याच वर्षीं निवृत्त झाला, आणि एकोणीस वर्षांच्या बारेसीपुढें सर्व कांहीं मोकळें पडलें आहे असें वाटलें.

पण दैव निराळेंच होतें. १९८० मध्यें इटलींत सामन्यांवरील चोरट्या पैजांचा मोठा घोटाळा उघडकीस आला. अनेक क्लबांतील माणसें त्यांत गुंतलेलीं निघालीं. मिलानच्या अध्यक्षाला व गोलरक्षकालाहि शिक्षा झाली, आणि गुणांच्या तक्त्यांत तिसरा आलेला तो क्लब दंड म्हणून दुसऱ्या श्रेणींत उतरविण्यांत आला. बारेसीचा या प्रकरणाशीं कांहीं संबंध नव्हता. पण घरच्या अपराधाचा दंड घरांतल्या सर्वांनाच भरावा लागतो. एका वर्षांत मिलान पुन्हां वर आला. पुढच्या १९८१-८२ च्या हंगामांत बारेसीला रक्ताचा विकार जडला, आणि कांहीं महिने तो मैदानाबाहेर राहिला. संघाची घडी विसकटली होतीच. शेवटच्या दिवशीं चेझेना येथें मिलाननें आपला सामना जिंकला. तथापि दुसरीकडचा निकाल प्रतिकूल लागला, आणि क्लब पुन्हां खालीं गेला. पहिल्या वेळीं दंडामुळें, तर या वेळीं खेळाच्या दोषानें. दुसरें उतरणें पहिल्यापेक्षां अधिक लाजिरवाणें होतें.

त्याच उन्हाळ्यांत इटलीनें स्पेनमध्यें विश्वचषक जिंकला. ११ जुलै १९८२ रोजीं माद्रिद येथें पश्चिम जर्मनीचा ३-१ असा पराभव झाला. बारेसी त्या संघाबरोबर गेला होता. मात्र लिबेरोच्या जागीं गाएतानो शिरेआ असल्यामुळें त्याला एकहि सामना खेळावयास मिळाला नाहीं. अशा रीतीनें विश्वविजेत्यांच्या यादींत नांव असलेला हा तरुण शरद ऋतूंत परत येऊन दुसऱ्या श्रेणीच्या लहान लहान गांवीं खेळूं लागला. वयाच्या बाविसाव्या वर्षीं त्याला कर्णधार नेमण्यांत आलें. राष्ट्रीय संघापर्यंत पोंचलेल्या खेळाडूला मोठ्या क्लबाकडे निघून जाणें कांहीं अवघड नसतें, आणि गेला असता तरी कोणी फारसा दोष दिला नसता. तो गेला नाहीं. पडत्या काळांतील हें राहणें हाच त्याच्या चरित्राचा पाया होय. पुढील सर्व यश त्यावर उभें आहे. १९८३ मध्यें मिलान वर आला, आणि त्यानंतर बारेसीच्या वेळीं पुन्हां खालीं गेला नाहीं.

राष्ट्रीय संघांत त्याचा पहिला सामना १९८२ च्या डिसेंबरांत रुमानियाविरुद्ध झाला. तथापि शिक्षक एन्झो बेआर्झोत याच्या योजनेंत तो नीटसा बसला नाहीं. १९८६ च्या विश्वचषकासाठीं मेक्सिकोला ज्युसेप्पे गेला. फ्रांको घरीं राहिला. एकाच घरांतून वडील भावाची निवड व्हावी आणि धाकट्याची होऊं नये, हा प्रसंग दुसऱ्यांदा आला होता. पुढें ज्युसेप्पेहि इंटरचा कर्णधार झाला, आणि शहरांतील दोन तटांचा सामना सुरू होतांना दोन्ही बाजूंनीं पुढें येऊन हात मिळविणारे दोघे सख्खे भाऊ आहेत, असें दृश्य सान सिरोच्या मैदानावर लोकांना दिसूं लागलें. १९८९ मध्यें तर इटलीचें अजिंक्यपद इंटरनें आणि युरोपचा चषक मिलाननें जिंकला. त्रावाल्यातोच्या एका घरांत त्या वर्षाचे दोन्ही मान गेले.

हा युरोपचा चषक मिळाला त्याच्या मागें मोठें स्थित्यंतर होतें. १९८६ च्या फेब्रुवारींत सिल्व्हियो बेर्लुस्कोनी यानें मिलान क्लब विकत घेतला, आणि १९८७ मध्यें आर्रिगो साक्की याला शिक्षक नेमलें. साक्की स्वतः कधीं धंदेवाईक खेळाडू नव्हता. वडिलांच्या जोड्यांच्या कारखान्यांत काम करतां करतां तो शिकवूं लागला होता. असा माणूस नाणावलेल्या खेळाडूंना काय शिकविणार, असें पुष्कळांना वाटलें. शिवाय त्याचें म्हणणें इटलीच्या परंपरेला धक्का देणारें होतें. सावलीसारखे मागें लागणारे गडी नकोत, आणि पाठीमागें मोकळा उभा राहणारा लिबेरोहि नको. चौघांनीं एका ओळींत उभें राहावें, आणि ती ओळ पुढें नेत जावी, असें त्याचें सांगणें.

या ओळीचें मर्म ऑफसाइडच्या नियमांत आहे. स्वपक्षाचा गडी चेंडू पुढें मारतो त्या क्षणीं, प्रतिपक्षाच्या अर्ध्या मैदानांत पुढें उभ्या असलेल्या गड्याच्या आणि गोलरेषेच्या दरम्यान प्रतिपक्षाचे निदान दोन गडी असावे लागतात. त्यांत एक बहुधा गोलरक्षक असतो. तेव्हां बचावाची ओळ त्याच क्षणीं एक पाऊल पुढें सरकली, तर मागें राहिलेला प्रतिपक्षाचा गडी आपोआप नियमबाह्य ठरतो. पण चौघांपैकीं एकाचें जरी पाऊल चुकलें, तरी सर्व दार सताड उघडें पडतें. आपल्याकडील हुतुतूंत चढाई करणारास घेरणारी हातांची सांखळी जशी एकदम हलावी लागते, तसेंच हें आहे. भेद इतकाच कीं या सांखळींत हात हातांत नसतात, आणि चढाई करणारे एकाहून अधिक असतात. सांखळीला हलविणारा कोणी तरी एक पाहिजे. तो बारेसी झाला. त्याच्या इशाऱ्यावर चौघे पुढें सरकत, आणि पंचाकडे पाहून हात वर करणारी त्याची मूर्ति त्या काळच्या प्रेक्षकांच्या नित्य परिचयाची झाली.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. बारेसी त्या वेळीं सत्तावीस वर्षांचा, पांच वर्षांचा कर्णधार, आणि आपल्या जुन्या पद्धतींत पारंगत होता. साक्कीनें त्याला आपल्या पूर्वीच्या पार्मा संघांतील सिन्योरिनी नांवाच्या बचावपटूचा खेळ चित्रफितींवर पाहावयास दिला, असें सांगतात. आपल्याहून कमी नांवाच्या खेळाडूपासून शिकण्यास मन मोठें लागतें. त्यानें तें शिकून घेतलें. सरावाच्या वेळीं साक्की गोलरक्षक, बारेसी, तास्सोत्ती, कोस्ताकुर्ता आणि तरुण पावलो मालदीनी अशा पांचांना एकीकडे उभें करी, व समोर दहा गडी सोडी. त्या दहांत रूड गुल्लिट व मार्को फान बास्टेन यांच्यासारखे डच वीरहि असत. त्यांना ठरावीक वेळांत एक गोल करावयास सांगण्यांत येई, आणि बहुधा तो होत नसे.

फळ लवकरच दिसलें. १९८८ मध्यें इटलीचें अजिंक्यपद आलें. १९८९ च्या एप्रिलांत सान सिरोवर रेआल माद्रिदचा ५-० असा पराभव झाला, आणि २४ मे रोजीं बार्सेलोना येथें रुमानियाच्या स्तेआवा संघावर ४-० असा विजय मिळून युरोपचा चषक हातीं आला. पुढल्या वर्षीं व्हिएन्ना येथें पोर्तुगालच्या बेन्फिकाला १-० असें हरवून तो राखला गेला. युरोपांतील उत्तम खेळाडूला देण्यांत येणाऱ्या सोन्याच्या चेंडूसाठीं १९८९ मध्यें फान बास्टेन पहिला, बारेसी दुसरा, आणि फ्रांक रायकार्ड तिसरा आला. तिघेहि एकाच क्लबाचे. पण त्यांत निव्वळ बचावावर जगणारा एकच.

त्यानंतर नियमच बचाव करणारांच्या उलट गेले. १९९० मध्यें असें ठरलें कीं ओळीच्या बरोबरींत असलेला आघाडीचा गडी नियमबाह्य समजूं नये. १९९२ मध्यें असें ठरलें कीं आपल्या गड्यानें पायानें मुद्दाम मागें दिलेला चेंडू गोलरक्षकानें हातांत घेऊं नये. पहिल्या नियमानें ओळीचा धोका वाढला, दुसऱ्यानें अडचणींतून सुटण्याची जुनी वाट बंद झाली. असें असूनहि, साक्कीच्या मागून आलेल्या फाबियो कापेल्लो याच्या हाताखालीं हा संघ इटलीच्या स्पर्धेंत ओळीनें ५८ सामने अपराजित राहिला. १९९३-९४ च्या हंगामांत तर ३४ सामन्यांत मिलाननें अवघे ३६ गोल केले. पण त्याच्यावर झालेले गोल होते फक्त १५, आणि अजिंक्यपद मिलानचेंच होतें. त्या वर्षीं अथेन्स येथें युरोपच्या अंतिम सामन्यांत बार्सेलोना क्लबाचा ४-० असा मोड झाला. त्या दिवशीं बारेसी व कोस्ताकुर्ता दोघेहि शिक्षेमुळें खेळूं शकले नव्हते. कर्णधार नसतां ओळ मोडली नाहीं, यांत त्या कर्णधाराचा उणेपणा मुळींच नाहीं. चांगल्या शिक्षकाची शाळा त्याच्या रजेच्या दिवशींहि नीट चालते.

राष्ट्रीय संघांतील त्याचा इतिहास मात्र इतका सुखाचा नाहीं. १९९० चा विश्वचषक इटलींतच झाला. पहिल्या पांच सामन्यांत इटलीवर एकहि गोल झाला नाहीं. उपांत्य सामना नेपल्स येथें आर्जेंटिनाशीं १-१ असा बरोबरींत सुटला, आणि पेनल्टी किकांवर इटली हरली. इटलीतर्फें पहिली किक बारेसीनेंच मारली होती, व ती अचूक होती. पुढें साक्की राष्ट्रीय संघाचा शिक्षक झाला, आणि १९९४ मध्यें अमेरिकेंत बारेसी कर्णधार म्हणून गेला.

२३ जून रोजीं नॉर्वेविरुद्धच्या सामन्यांत त्याच्या गुडघ्यांतील कूर्चा फाटली. वय चौतीस. न्यूयॉर्क येथें शस्त्रक्रिया झाली, आणि त्याची स्पर्धा संपली असें सर्वांनीं धरलें. इटली त्याच्यावांचून अंतिम सामन्यापर्यंत पोंचली. पण तास्सोत्ती व कोस्ताकुर्ता हे दोघे शिक्षेमुळें बाद झाले होते. तेव्हां दुखापत झाल्यापासून चोविसाव्या दिवशीं, १७ जुलै १९९४ रोजीं, पासाडेनाच्या मैदानावर भर दुपारच्या कडक उन्हांत, नव्वद हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर, बारेसी ब्राझीलविरुद्ध उतरला. रोमारिओ आणि बेबेतो या त्या स्पर्धेंतील सर्वांत भीतिदायक जोडीला १२० मिनिटांत एकहि गोल करूं दिला गेला नाहीं. अखेरीस त्याच्या पायांत गोळे येत होते. बचावाच्या विद्येचा याहून मोठा प्रयोग विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत क्वचितच झाला असेल.

सामना ०-० राहिला, आणि विश्वचषकाचा अंतिम निकाल प्रथमच पेनल्टी किकांवर लागावयाचा ठरला. इटलीतर्फें पहिला पुढें आला तो बारेसीच. चेंडू गोलच्या आडव्या दांडीवरून गेला. तो गुडघ्यांवर बसला. वास्तविक ब्राझीलची पहिली किकहि इटलीच्या गोलरक्षकानें लगेच अडविली, आणि दोन्ही बाजू पुन्हां समान झाल्या. पुढें मास्सारोची किक अडविली गेली, रोबेर्तो बाज्जोचा चेंडू वरून गेला, आणि ब्राझीलनें ३-२ असा जय मिळविला. हिशेबानें पाहतां बारेसीच्या चुकीनें इटली हरली असें म्हणतां येत नाहीं. पण लोकांच्या स्मरणाला हिशेब ठाऊक नसतो. त्या दिवसाचीं दोनच चित्रें जगभर राहिलीं : मान खालीं घालून उभा असलेला बाज्जो, आणि रडणारा बारेसी. १२० मिनिटांत जें घडूं दिलें नाहीं त्याचें चित्र निघत नाहीं; एका क्षणांत जें बिघडलें त्याचें निघतें.

यानंतर तो तीन वर्षें मिलानसाठीं खेळला. १९९६ मध्यें त्याला सहावें अजिंक्यपद मिळालें. शेवटचा १९९६-९७ चा हंगाम चांगला गेला नाहीं. मिलान अकराव्या स्थानावर राहिला. आरंभीं दोनदां क्लबाबरोबर खालीं उतरलेला हा गडी अखेरीसहि एका पडत्या वर्षांतच निवृत्त झाला. वीस हंगाम, एकच क्लब, ७१९ सामने. राष्ट्रीय संघाकडून ८१. त्याचा ६ क्रमांकाचा सदरा क्लबानें दुसऱ्या कोणास द्यावयाचा नाहीं असें ठरविलें. १९९९ मध्यें क्लबाचा शतकांतील सर्वश्रेष्ठ खेळाडू म्हणून त्याचीच निवड झाली. पुढें कांहीं काळ तो क्लबाच्या तरुण संघाचा शिक्षक होता, आणि २०२० मध्यें त्याला क्लबाचा सन्माननीय उपाध्यक्ष करण्यांत आलें.

ज्या मुलाला अंगानें लहान म्हणून इंटरच्या दारांतून परत पाठविलें, त्याला पुढें कोणत्याहि संघाला सहज ओलांडतां आलें नाहीं, ही गोष्ट परीक्षकांनीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे. मुलाची उंची मोजतां येते. तो पडत्या घरांत टिकेल कीं नाहीं, सत्ताविसाव्या वर्षीं नव्यानें शिकेल कीं नाहीं, आणि फाटलेल्या गुडघ्याला टांके असतां ओळींतील आपल्या जागेवर उभा राहील कीं नाहीं, हें मात्र कोणत्याहि परीक्षेंत मोजतां येत नाहीं. बारेसीच्या खेळाचें मूल्य करतांना पासाडेनाची ती एक किक विसरण्याचें कारण नाहीं. तीहि त्याच्या इतिहासाचा भाग आहे. फक्त तिच्या आधींचीं १२० मिनिटें, आणि त्यांच्या आधींचीं सोळा वर्षें, हींहि त्याच वहींत लिहिलेलीं असावीं, म्हणजे हिशेब पुरा होईल.